खिळा आणि डोंगर

नववा महिना, तिसरा दिवस

आज लिहू, उद्या लिहू करत इथे येऊन अर्धा महिना काढला. कागद आहे, शाईची वडी आहे, कुंचला तर नवाकोरा आहे. नव्हती ती फक्त बैठक. आलो त्या दिवशी थकवा होता. दुसऱ्या दिवशी गढीबाहेर उंटांचा तांडा उतरला, त्यातला एक उंट येणाऱ्या-जाणाऱ्यावर नेम धरून थुंकत होता, ते बघण्यात दुपार गेली. मग रोज नवी सबब. निघताना तिंगकाकांनी बजावलं होतं, पोरा, रोज चार ओळी लिही, अक्षरांनाही गंज चढतो. म्हणून आज बसलो.

तर मी, यू थायचुआन, तांबड्या दरडीच्या गढीत सुखरूप पोचलो आणि मला कामही लागलं. उत्तरेच्या तटाचं काम सगळीकडे जोरात चालू आहे. मंगोल घोडेस्वार गेल्या वर्षी याच घळीतून आत शिरले होते, म्हणून यंदा घळच बुजवायची असं वरून फर्मान आहे. माती वाहायला मी काही उपयोगाचा नाही, हे आमच्या टोळीच्या म्होरक्याने, लुआन उस्तादांनी, माझे दंड चाचपून लगेच ओळखलं. म्हणाले, ह्याला वाऱ्याच्या दिवशी दोरीला बांधून ठेवावं लागेल. पण अक्षरं येतात म्हटल्यावर ठेवून घेतलं. ओल्या विटांवर टोळीची खूण काढायची, एवढंच काम. वीट फुटली तर ती कोणाच्या पाठीवर फोडायची ते साहेबांना कळावं म्हणून.

माझं शिक्षण तरी काय, देवळातल्या शाळेत दीड हिवाळा. बाकीचं तिंगकाकांचं. पिवळ्या नदीच्या उतारावर त्यांची खाणावळ आहे. मागच्या थंडीत मी तापाने फणफणून तिच्या उंबऱ्यात पडलो होतो. दुसऱ्या कोणी पायाने बाजूला सारलं असतं. त्यांनी उचलून स्वतःच्या उबदार ओट्यावर निजवलं, राळ्याची पेज पाजली, आणि बरा झाल्यावर शेवयांच्या पिठात बोटाने अक्षरं गिरवायला लावली. पहिलं त्यांचंच नाव, कारण ते सगळ्यांत सोपं. तिंग म्हणजे खिळा, आणि दिसतोही खिळ्यासारखाच. शान म्हणजे डोंगर, तीन सुळक्यांचा. खिळा आणि डोंगर. झोपेतही काढीन.

नववा महिना, आठवा दिवस

भिंत बांधतात म्हणजे काय करतात, हे मला आता कळायला लागलंय. आधी वाटायचं की दगडावर दगड. इथे दगड आहे कुठे? सगळी माती. दोन्ही बाजूंना फळ्यांचा साचा उभा करायचा, त्यात वीतभर माती पसरायची, आणि दगडी धुमसाने ती चोपून चोपून चार बोटांवर आणायची. मग वर दुसरा थर. माती आधी भाजून घेतात, म्हणजे तिच्यात गवताचं बी जिवंत राहत नाही. बी रुजलं की मूळ, मूळ आलं की भेग, आणि भेगेतून पाणी. पाणी मंगोलांपेक्षा वाईट, ते दर वर्षी येतं, असं उस्ताद म्हणतात. तट वर जाता जाता आत कलत जातो, सरळ उभा तट स्वतःच्याच वजनाने पोट काढतो म्हणे. शेवटी बाहेरून विटा, चुना आणि चिकट तांदळाची पेज. पेज मी चाखून पाहिली. चुना कालवायच्या आधी, अर्थात.

आपल्या तटाच्या पोटात आणखी एक जुना तट आहे. कोण्या जुन्या राजवटीचा, वेत आणि माती यांचे थर असलेला. वेत काढून बघितला तर अजून पिवळा. तो बघत बसलो आणि पाच-सहा विटा खुणेवाचून सुकल्या. उस्तादांनी कान पिळला.

धुमस आठ जणांचा. प्रत्येकाच्या हातात एक दोरी, मधे चक्कीएवढा दगड. तोतरा चू गाणं सांगतो. बोलताना पाणी मागायचं तर पाणी संपून जाईल इतका अडखळतो, पण गाताना एक अक्षर अडत नाही. काल माझ्या दंडांवर कडवं रचलं. सगळे हसले, मीही. इतकं बरं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

नववा महिना, चौदावा दिवस

घळीच्या तोंडाशी केलेलं काम पुन्हा खचलं. वरून धड दिसतं, आणि सकाळी बघावं तर साच्यातली माती ढासळून खाली. खाली कुठेतरी झरा आहे. पाहणीचे साहेब आले, लोखंडी सळई भिंतीत खुपसली, ती लोण्यात जावी तशी गेली. ते ओरडले नाहीत. जमीन गोठायच्या आत भिंत उभी राहिली नाही तर लुआनच्या टोळीच्या माना लाकडी फळ्यांत अडकवून वेशीवर उभ्या करीन, एवढं सांगून चहा प्यायला गेले.

दुपारी जेवणं झाल्यावर उस्तादांनी मला चुन्याच्या खड्ड्यामागे बोलावलं. इकडचं तिकडचं बोलले, माझ्या जोड्यांची चौकशी केली. मग म्हणाले, एक नाव लिहून हवं. जित्या माणसाचं. ते धुमसाच्या तळाला चिकटवायचं आणि चोपायचं. ज्याचं नाव त्याचं बळ दगडात येतं, आणि भिंत त्याच्या अंगावर उभी राहते. त्यांच्या बापाने केलंय, आजाने केलंय. माणूस मात्र लांबचा हवा. नाववाला भिंतीला टेकला तर त्याचं उरलंसुरलंही भिंत ओढून घेते.

मला हसू आलं. शाळेत गुरुजी असल्या गोष्टींना गावठी खूळ म्हणायचे. मी विचारलं, कोणाचं लिहू? ते म्हणाले, असेल एखादा तुझा वैरी. वैरी आहेत मला, का नसतील, पण त्यांच्या नावांत एवढ्या रेघा की अर्ध्यात माझा कुंचला भरकटतो. अर्धवट नाव चालत नाही म्हणे. पुरती लिहिता येतात अशी नावं किती? घरची सोडली तर एक.

उस्ताद घाई करत होते. पलीकडे दोन गाढवांची जुंपली होती, मला ती बघायची होती. लिहून दिलं. खिळा आणि डोंगर.

नववा महिना, पंधरावा दिवस

दगड हलका झाला.

मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितोय. रोज आठ जणांच्या मानेच्या शिरा फुगतात, आज दोऱ्या नुसत्या धरल्या की दगड वर. आणि पडायचा असा की पायाखालची जमीन कण्हायची. चू गात होता. कोण उचलतो? आठ जण ओरडायचे, तिंग शान. कोण चोपतो? तिंग शान. कोणाची पाठ? कोणाची छाती? दिवसभर घळीत तेच नाव घुमत होतं. मीही ओरडलो. ठेका असा होता की तोंड आपोआप उघडायचं.

संध्याकाळी साहेबांची सळई वाकली. टोळीला मेंढी मिळाली. उस्तादांनी आपल्या हाताने मला फऱ्याचा तुकडा वाढला आणि सगळ्यांना सांगितलं की ह्या काडीपैलवानाने आज आपल्या माना वाचवल्या.

मटण मऊ होतं. दोन घासांनंतर नको वाटलं.

नववा महिना, एकविसावा दिवस

पहाटे दहिवर पडून गोठायला लागलंय. सगळा तट पांढरा, फक्त घळीपाशी एक जागा तशीच कोरडी, साधारण एका आडव्या माणसाएवढी. पहारेकऱ्यांना शोध लागलाय की तिथे पाठ टेकली की ऊब लागते. पाळीने टेकतात. एकाने तिला काकूबाईचा ओटा असं नाव ठेवलंय. मलाही बोलावतात. मी विटांचं निमित्त सांगतो.

मी एकदाच हात लावला. चुलीची ऊब वेगळी असते. ही तापातून उठलेल्या माणसाच्या पांघरुणाची होती. मला माहीत आहे ती.

थर रोज चढतायत.

नववा महिना, सव्विसावा दिवस

चुन्याच्या गाड्या आल्या. गाडीवान शुए नदीच्या उतारावरून येतो. मी मुद्दाम सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, खाणावळ बंद आहे. म्हाताऱ्याने अंथरूण धरलंय. वैद्य झाले, बायकोने देवळात धूप जाळला, काही उपयोग नाही. म्हणतो की सकाळ झाली की छातीवर कोणीतरी जड पायांनी नाचायला लागतं. दुपारी जेवणाच्या वेळेला जरा थांबतं, तेवढ्यात दोन घोट पेज जाते. मग पुन्हा दिवस मावळेपर्यंत.

दुपारी जेवणाच्या वेळेला आमची टोळी दोऱ्या खाली ठेवते.

शुए म्हणाला, तुझी आठवण काढत होते. पोरगं पोचलं का, लिहितं का, असं विचारत होते.

मी त्याला गाडी उतरवायला मदत केली. कोणी सांगितलं नव्हतं. सगळी गाडी उतरवली.

नववा महिना, सत्ताविसावा दिवस

उस्तादांना सांगितलं. त्यांनी हातातली काडी मोडून टाकली. मग म्हणाले, मी तुला वैऱ्याचं मागितलं, तू अन्न देणाऱ्याचं दिलंस. कुत्रंसुद्धा चावायच्या आधी हात हुंगतं रे.

काढता येईल का, विचारलं. नाही. भिंत उकरणाऱ्याचं डोकं जातं, आणि कागद आता माती झाला. एकच वाट आहे. भिंत एका वेळी एकालाच धरते. वरच्या थरात दुसरं नाव चोपलं तर खालचा सुटतो. पण जमीन गोठली की चोपणं थांबणार, वर विटा बसणार, मग आत असेल तो आत. चार-सहा दिवस असतील नसतील.

चूने मधे तोंड घातलं, सा... सा... साहेबांचं लिही. सगळे हसले. साहेबांच्या नावात झाडी आहे नुसती, मला येत नाही. उस्ताद म्हणाले, कोणाकडून तरी गिरवून घे. म्हणजे आणखी एकाच्या छातीवर.

नाही. मीच लिहिलं, मीच जाईन. माझंच नाव लिहायचं, आणि ते चोपून झालं की इथून लांब निघून जायचं. होईल ते माझं होईल.

उद्या लिहितो.

नववा महिना, अठ्ठाविसावा दिवस

आज नाही झालं. मुद्दाम नाही. सकाळी फळ्या हलवायच्या होत्या, मग एक नाल ठोकणारा आला होता, त्याच्याशी बोलत बसलो. खोटं कशाला लिहू. कुंचला हातात धरला होता, तो खाली ठेवला आणि नालवाल्याकडे गेलो.

मी घोड्यांच्या नालांवर बोलत होतो, तेव्हा दगड पडत होता. प्रत्येक वेळी ऐकू येत होता.

नववा महिना, शेवटचा दिवस

लिहिलं. दिलं. चोपलं.

आमच्या नावाची एक गंमत आहे. माझा थोरला भाऊ झाला तेव्हा बाबांनी त्याचं नाव ठेवलं यू दाचुआन. दा म्हणजे मोठा. आडवी रेघ आणि खाली फाकलेल्या दोन तंगड्या. मी झालो तेव्हा बाबांना दुसरं अक्षर येत नव्हतं. कालव्यावरच्या धान्याच्या व्यापाऱ्याने सांगितलं, तंगड्यांच्या मधे एक टिंब दे, थाय होतं, म्हणजे मोठ्याहून मोठा. बाकी सगळं नाव तेच. दादा मला चिडवायचा, तुझ्यात माझ्यापेक्षा जास्त आहे ते एवढंच, आणि तेही कुठे आहे बघ.

दादा कालव्यावर पोती वाहतो. आईला तोच बघतो. मी जायला निघालो तेव्हा मला वाटेसाठी भाकऱ्या त्यानेच बांधून दिल्या होत्या.

शाई गोठली होती. तोंडाची वाफ देऊन, थुंकी लावून कशीबशी अक्षरं लिहिली. उस्ताद दारात उभे होते, कागद ओला असतानाच ओढून नेला. चू गायला तयार झाला नाही. टोळीतल्या माणसाचं नाव मी म्हणणार नाही, हे त्याने न अडखळता सांगितलं. मग आज दगड मुक्यानेच पडला.

आणि उडाला असा की दोघांच्या हातून दोऱ्या सुटल्या. तिंगकाकांच्या वेळेपेक्षाही हलका. उस्ताद माझ्या दंडांकडे बघत म्हणाले, काय रे, कुठे लपवलं होतंस एवढं बळ?

दहावा महिना, चौथा दिवस

जमीन गोठली. चोपणं बंद. विटा बसतायत.

शुए आला. तिंगकाका उठून बसले. मटणाचं सूप प्यायले, बायकोवर खेकसलेसुद्धा. मी खड्ड्यामागे जाऊन रडलो. मग चार बाव, वाफवलेल्या पिठाचे गोळे, खाल्ले. शिळे होते तरी गोड लागले.

उद्या-परवा निघायचं. छातीवर भार येईल तेव्हा येईल. अजून आला नाही.

दहावा महिना, नववा दिवस

अजून नाही.

झोप छान लागते. जिना चढलो तरी दम लागत नाही. उस्ताद विचारतात, कसं वाटतंय, आणि मी म्हणतो, बरं आहे, आणि ते माझ्याकडे बघत राहतात.

घळीपाशी नव्या थराजवळ दहिवर पडत नाही. ऊब पहिल्यापेक्षा जास्त आहे. पहारेकरी खूश आहेत. ओटा आता दोघांना पुरतो, म्हणतात. मोठ्या माणसाएवढा झालाय.

मी निघालो नाही. पाय निघत नाही.

दहावा महिना, दहावा दिवस

टिंब दिलं होतं मी.

आधी आडवी रेघ. मग डावी तंगडी, मग उजवी. मग कुंचला उचलला, वाफ दिली, आणि— टिंब दिलं. दिलंच असणार. कोण आपलं नाव चुकतं.

वाफ दिली तेव्हा उस्तादांनी हाक मारली. मी वर बघितलं. मग खालचं अक्षर, चुआन. तीन उभ्या रेघा काढल्याचं आठवतंय. टिंबाचं आठवत नाही.

दहावा महिना, अकरावा दिवस

उस्तादांच्या पाया पडलो. वर एकच थर. एकच. माझं नाव नीट लिहितो, टिंब आधी काढतो. ते म्हणाले, माती दगड झालीये, चोपली तर भुगा होईल, वसंत येऊ दे. वसंतापर्यंत—

सळई घेऊन गेलो. दिवसाढवळ्या. दोन विटा निघाल्या. आत माती ओली होती, आणि वास— भाकऱ्या बांधायच्या फडक्याचा नाही, कालव्याचा. पोत्यांचा. घामाचा.

पहारेकऱ्यांनी धरलं. पंचवीस फटके. उस्ताद मधे पडले म्हणून डोकं राहिलं. विटा परत बसवल्या. चुना मलाच कालवायला लावला.

दहावा महिना, कधीतरी

पालथा पडून आहे. पाठ भरत नाही. चू पेज आणतो. कालव्याकडे निरोप धाडला का, विचारलं. धाडलाय, पण बर्फ आहे, पोचायला—

आई कशी खाईल. तो पडला तर आई कशी—

अकरावा महिना

उठलो. काठी धरून घळीपर्यंत गेलो. टेकलो नाही. नुसता कान जवळ नेला.

पोतं उचलायच्या आधी दादा घसा खाकरतो. एकदा, आखूड. लहानपणापासून. गर्दीतही ओळखीन.

अकरावा महिना

पुन्हा. पुन्हा तेच. दर पोत्याला.

पहारेकरी म्हणतात भिंत थंड व्हायला लागली. कुरकुरतात. म्हणजे संपत—

मी मेलो तर सुटेल का? उस्ताद म्हणतात, नाही रे बाबा. नाव तुझं नाही.

अकरावा महिना, बर्फ थांबलं

चू पळत आला. दारात उभा आहे, दम लागलाय, त्याला बोलता येत नाहीये. दा, दा, एवढंच. मी म्हटलं, गा. गाऊन सांग.

वेशीत एक माणूस आलाय. धिप्पाड होता कधीतरी, आता वाकलाय, एक हात छातीवर. कालव्यापासून चालत आलाय. सकाळी उठलं की पाय इकडेच वळायचे म्हणे, कळेना का, मग म्हटलं धाकटाही तिकडेच आहे, त्याला भेटून घेऊ. हसतोय म्हणे. विचारतोय, मोठ्याहून मोठा कुठाय?

थकला होता. पहारेकऱ्यांना दया आली. त्याला घळीपाशी नेऊन बसवलंय, तिथे ऊब—

पळ चू, तू पळ, माझे पाय— ओरडून सांग, गाऊन सांग, दादा, पाठ टेकू नकोस, त्या भिंतीला